पालखीमार्गावरच्या स्वागताध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील पालखी स्वागत समित्यांचे अध्यक्ष, शिक्षणसंस्थांचे विश्वस्त, साखर कारखान्यांचे संचालक आणि उद्योजक महोदय,



खरे तर ही चार वेगळी पत्रे व्हायला हवी होती. पण आपल्याकडे स्वागत समितीचा अध्यक्ष, संस्थेचा विश्वस्त, कारखान्याचा संचालक आणि एमआयडीसीतल्या शेडचा मालक हा पुष्कळदा एकच गृहस्थ असतो, तेव्हा एकाच पाकिटात भागवतो. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवून निवृत्त झालेला शिल्प निदेशक आहे. बोलणे कुठे कानशीसारखे खरखरीत लागले, तर तो धंद्याचा गुण समजून सोडून द्या.

तक्रार सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढे वाचायचे की नाही ते आपल्याला ठरवता येईल. जगद्गुरू तुकाराम महाराजांच्या पालखीसाठी आपण आषाढाच्या तोंडावर जे करता ते मनापासून करता, यात मला तिळमात्र शंका नाही. पण पालखी पुढे गेल्यावर त्याच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राहणारी वीस-बावीस वर्षांची पोरे तशीच पारावर बसून राहतात, आणि त्यांच्यासाठी आपण जे करता त्यात तुकोबा कुठे दिसत नाहीत. कौशल्य विकास, युवा सक्षमीकरण हे शब्द तेवढे फलकांवर दिसतात.

पालखीचा आपल्या दोन तालुक्यांतला मार्ग मी आपल्याला सांगायला नको. तरी आठवण देतो, कारण माझा सगळा मुद्दा त्या मार्गातच आहे. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये हा सोहळा सुरू केला. पुणे जिल्ह्यातला त्याचा शेवटचा मोठा टप्पा आपल्या वाट्याला येतो: उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, कधी अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी. सराटीला नीरेत पादुकांचे स्नान झाले की पालखी अकलूजकडे, सोलापूर जिल्ह्यात जाते. या वाटेवर काटेवाडीत परीट समाजाची मंडळी पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतात. त्याच गावात मेंढपाळ आपल्या मेंढ्यांचे रिंगण करतात. पुढे बेलवाडीला पहिले गोल रिंगण होते. रस्त्याच्या कडेला न्हावी वारकऱ्यांची दाढी फुकट करून देतो, चप्पल शिवणारा तुटलेला अंगठा लावून देतो, कोणी डॉक्टर तळपायाच्या फोडांवर मलम लावत बसलेला असतो.

जरा थांबून बघा, या सगळ्यांनी वारीला काय दिले? आपले रोजचे काम दिले. परटाने आपले धुतलेले कापड दिले, मेंढपाळाने आपला कळप दिला. आपल्या भागाने वारीला आजवर दिलेल्या सगळ्यांत देखण्या गोष्टी लोकांच्या हातातल्या कसबातून आल्या आहेत, आणि त्यासाठी कोणाला ठराव करावा लागला नाही. आपल्या बाजूने आलेल्या गोष्टींत कमानी आणि फ्लेक्स जास्त आहेत. त्यावर तुकोबा एका कोपऱ्यात आणि आपण मधोमध असता. त्याविषयी बरेच लिहून झाले आहे, मी वेळ घालवत नाही.

वारकरी संप्रदाय हा मुळातच कष्टकऱ्यांचा आणि कारागिरांचा संप्रदाय आहे. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी. सावता माळी तर आपले शेजारी. भीमेपलीकडे माढा तालुक्यातले अरण हे त्यांचे गाव. यांच्यापैकी कोणी धंदा टाकून संत झाले नाही. खुद्द तुकोबा वाणी होते, घरात महाजनकी होती, तराजू आणि वही यांची सवय होती. आणि त्यांचे अभंग उतरवून घेणारे संताजी जगनाडे? चाकणच्या तेल्याच्या घरातले. घाणा चालवणारा हा माणूस लिहिता-वाचता होता, म्हणून त्याच्या हातची वही पुढच्या पिढ्यांना मिळाली आणि गाथेच्या अभ्यासकांना आजही तिचा आधार वाटतो. सुदुंबऱ्याला त्यांची समाधी आहे. ज्याचे हात तेलाने माखलेले असत त्याच माणसाच्या हाती तुकोबांनी लेखणी दिली, ही गोष्ट मला तुकोबांच्या सगळ्या चरित्रात फार मोठी वाटते.

आपण शाळा-कॉलेजे काढली आणि नेमकी हीच जोडी फोडली. ज्याला वाचता येते तो मशीनला हात लावत नाही, आणि ज्याला मशीन चालवता येते त्याला कोणी वाचायला शिकवत नाही. मी वर्गात बघत आलो आहे. दहावीला पंचाऐंशी टक्के असलेला मुलगा सायन्सला जातो, पंचावन्नवाला आर्टसला, आणि कुठेच जमले नाही की बाप त्याला आयटीआयच्या दारात आणून उभा करतो आणि म्हणतो, ‘सर, याला काहीतरी शिकवा.’ ते ‘काहीतरी’ शिकायला फिटरची दोन वर्षे लागतात. पहिले काही आठवडे पोरगा लोखंडाचा एक तुकडा व्हाइसमध्ये धरून नुसता कानशीने घासत असतो, तो काटकोनात यावा म्हणून. हाताला फोड येतात. पण ज्याचा तुकडा काटकोनात आला त्याला आयुष्यात पुढे कोणी फसवू शकत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता गाऱ्हाणी एकेक करून मांडतो.

पहिले नावांविषयी. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत प्रशिक्षण केंद्रांना आणि आयटीआयना थोरामोठ्यांची नावे देण्याचा उत्साह आला आहे. १९ ऑक्टोबर २०२३ ला राज्यातल्या ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे एकाच वेळी ऑनलाइन उद्घाटन झाले. पुढच्या वर्षी कॉलेजांमधून आचार्य चाणक्यांच्या नावाची केंद्रे आली. नाव देण्याला माझा विरोध नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ मध्ये कराडच्या कॉलेजला गाडगे महाराजांचे नाव दिले, पण त्याआधी पस्तीस वर्षे ‘रयत’च्या वसतिगृहांतून पोरे कष्ट करून शिकत होती. नाव शेवटी आले. आणि स्वतः गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. भक्तीसाठी बांधलेली इमारत शिक्षणाला देणारा तो माणूस शाळेच्या आतसुद्धा गेला नव्हता. आपल्याकडे काम उलटीकडून सुरू होते. पाटी आधी रंगते, आत लेथ बंद असतो, आणि निदेशकाची जागा रिकामी असते किंवा तासिका तत्त्वावर भरलेली असते. तासावर पैसे मिळणारा निदेशक तास संपल्यावर पोरांच्या मागे थांबत नाही. त्याला दोष कसा द्यायचा? तो दुसऱ्या तासाला दुसऱ्या गावी पोचायच्या घाईत असतो.

दुसरे, अल्प मुदतीच्या प्रशिक्षणांविषयी. तीन महिन्यांचे शिवण, तीन महिन्यांचे ब्युटी पार्लर, तीन महिन्यांचे संगणक, शेवटी प्रमाणपत्र वाटप आणि सामूहिक फोटो. एका गावात एका वर्षात तीस मुलींनी शिवणकाम शिकल्यावर त्या गावात ब्लाउज शिवायला येणार कोण, हा हिशेब कोणी केलेला नसतो. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पोरांना सहा, आठ, दहा हजार रुपये विद्यावेतन मिळाले, मुदत सहा महिन्यांवरून अकरा महिन्यांवर गेली, आणि मग ती संपली. ग्रामपंचायतीत, शाळेत, कचेरीत आलेली-गेलेली टपाल नोंदवून ज्यांनी ते महिने काढले त्यांना शेवटी कायम करा म्हणून आंदोलन करावे लागले. त्या पोरांचा राग मला समजतो. ती काही शिकली नव्हती, फक्त हजर राहिली होती. हजेरी लावायची सवय सरकारी पैशाने लागली आणि मग हजेरीपटच बंद झाला.

तिसरे गाऱ्हाणे माझे सगळ्यांत जुने, आणि तेच मी लांबवणार आहे. शिकाऊ उमेदवारी.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसे कामाला असलेल्या प्रत्येक आस्थापनेने, कंत्राटी कामगारही मोजून, एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ही मेहेरबानी नाही, कायदा आहे. बारामतीच्या एमआयडीसीत तीनचाकी वाहने बनतात, फोर्जिंग होते, दुधाचे पदार्थ बनतात, टेक्स्टाइल पार्क आहे. इंदापूरकडे लोणी देवकरची एमआयडीसी, भिगवणचा कागद, वालचंदनगर. आणि साखर कारखाने तर दोन्ही तालुक्यांत: माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. शिकायला जागा नाही, असे म्हणायची सोयच नाही.

पण शिकाऊ म्हणून घेतलेल्या पोराचे काय होते ते ऐका. माझा एक विद्यार्थी एका कारखान्यात वर्षभर शिकाऊ होता. कारखान्याचे नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट एकट्या त्याची नाही. भेटायला आला तेव्हा मी विचारले, मायक्रोमीटर हाताळायला मिळाला का? म्हणाला, ‘नाही सर, खोक्यांना टेप लावली.’ वर्षभर. दोन वर्षे आयटीआयमध्ये शतांश मिलिमीटर मोजायला शिकलेला मुलगा. विद्यावेतन मिळाले, प्रमाणपत्रही मिळाले, आणि वर्ष संपताच त्याच्या जागी नवा शिकाऊ आला, टेप लावायला. स्वस्तातला हमाल मिळाला की त्याला शिकाऊ म्हणायचे, ही जी रीत पडली आहे ती आपण, संचालक महोदय, एका सहीने मोडू शकता. प्रत्येक शिकाऊ उमेदवाराला एक जुना कारागीर नेमून द्या, तीन महिन्यांनी उमेदवाराने काय काय केले याची वही तपासा, आणि त्या कारागिराला त्याबद्दल भत्ता द्या. जर्मनीत पोरगा आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस शाळेत शिकतो. तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग प्रांताशी आपल्या राज्याने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, तेव्हा भाषणांत या पद्धतीचे फार कौतुक झाले. ते ऐकून मला हसू आले. परटाचा पोरगा घाटावर आणि कुंभाराचा पोरगा चाकावर असाच शिकत होता. फक्त त्याच्या जोडीला शाळा नव्हती. आता शाळा आहे तर चाक नाही.

हे जमते, हे दाखवायला मला परदेशात जायचे कारण नाही. वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर उभी केलेली वसाहत इंदापूर तालुक्यातच आहे. तिथे साखर कारखान्यांची यंत्रे बनली, अणुभट्ट्यांचे भाग बनले, आणि २०२३ च्या जुलैत चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या रॉकेटच्या बूस्टरचे भागही तिथेच बनले. ते भाग बनवणाऱ्यांत आपल्याच गावांतले टर्नर, फिटर, वेल्डर आहेत. त्या दिवशी टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवणाऱ्या किती पोरांना हे कोणी सांगितले? जयंतीला वक्ता पुण्याहून आणण्यापेक्षा वालचंदनगरचा एखादा निवृत्त वेल्डर बोलावून बघा.

वक्त्यांवरून आठवले. १२ जानेवारीला स्वामी विवेकानंदांची जयंती, १९८५ पासून राष्ट्रीय युवक दिन. त्या दिवशी आपल्या कॉलेजांतून ‘उठा, जागे व्हा’ या धर्तीची व्याख्याने होतात आणि पोरे मागच्या बाकांवर मोबाइल बघतात. १८९३ मध्ये योकोहामाहून व्हँकुव्हरला जाताना विवेकानंदांची बोटीवर जमशेटजी टाटांशी गाठ पडली होती. पाच वर्षांनी टाटांनी त्या बोलण्याची आठवण देऊन त्यांना पत्र लिहिले, ते विज्ञान संशोधनाच्या संस्थेविषयी. बंगळूरची संस्था पुढे १९०९ मध्ये उभी राहिली. एवढा तपशील तरी त्या व्याख्यानांत यावा. जानेवारीतच बारामतीला कृषिक प्रदर्शन भरते, लाखो शेतकरी येतात. युवक दिनाचे भाषण रद्द करून पोरांना तिथल्या यंत्रांपाशी दिवसभर सोडले, तरी स्वामीजींची हरकत नसावी.

चौथे. आपल्या भागाला कोणती कामे लागतात, ते आधी बघा. शिकवायचे काय हे मुंबईहून आलेल्या यादीवरून ठरते. त्या यादीत बोरीच्या द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी नसते. ती करायला बाहेरच्या टोळ्या येतात आणि एकरी दर ठरवून पैसे घेऊन जातात. डाळिंबाचा बहार कधी धरायचा, तेल्या रोगाची लागण पहिल्या ठिपक्यावर कशी ओळखायची, हे इंदापूरच्या जुन्या बागायतदाराला डोळे मिटून येते, पण त्याचा पोरगा कंपनीत सुपरवायझर व्हायला निघालेला असतो. निमगाव केतकीचे पानमळे घ्या. वेल बांधणे, उतरवणे, पाने खुडून कवळ्या लावणे हे सगळे हाताचे काम आहे आणि ते करणारे हात म्हातारे होत चालले आहेत. उजनीच्या पाण्यावर भिगवणपासून इंदापूरपर्यंत मासेमारी चालते. होडीचे इंजिन बिघडले की ते दुरुस्त करणारा माणूस गावोगाव शोधावा लागतो. ठिबकचे व्हेंचुरी, जळालेल्या मोटारीचे रिवाइंडिंग, दूध संकलन केंद्रावरचा कूलर, सोलर पंपाचा कंट्रोलर, या प्रत्येकात एका पोराचे घर चालते. पियाज्जिओची तीनचाकी बारामतीतच बनते, आता विजेवर चालणारीही बनते. पण विजेवरची रिक्षा बिघडली तर ती उघडायला गल्लीतला मेकॅनिक घाबरतो, आणि ते घाबरणे बरोबर आहे, कारण त्याला कोणी शिकवलेले नाही.

साखर कारखान्यांतल्या पॅनमनची गोष्ट तर मला फार लागते. साखरेचा दाणा पॅनमध्ये कधी धरला हे काचेतून बघून, हातावर घेऊन ओळखणारी माणसे एकेक करून निवृत्त होत आहेत. ऑटोमेशन आले तरी दाणा बिघडला की अजून त्यांनाच फोन जातो. आपल्या कारखान्यात असे किती जण उरलेत, आणि त्यांच्या हाताखाली कोण शिकतो आहे? गळीत हंगाम संपल्यावर हे काम नीट लावता येईल. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या कामात मदत करू शकते. ती याच पालखीच्या वाटेजवळ आहे, पुण्यातून निघालेली दिंडी तिच्या आसपासच पहिला घाम पुसते.

मुलींविषयी एकच मागणी आहे, पण ती मागणी म्हणजे एसटी. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे, विद्या प्रतिष्ठान १९७२ पासून. शिक्षणाच्या बाबतीत बारामतीने पुष्कळ केले हे कोणी नाकारणार नाही. पण इंदापूरच्या आतल्या वाड्या-वस्त्यांवरची मुलगी सकाळी सातच्या प्रॅक्टिकलला पोचणार कशी आणि संध्याकाळी सहाला सुटल्यावर घरी जाणार कशी? बस चुकली की बापाचा जीव टांगणीला, आणि दोनदा चुकली की शिक्षण बंद. इलेक्ट्रिशियन व्हायला निघालेल्या मुली मी बघितल्या आहेत. त्यांना अभ्यास जड गेला नाही, बसचे वेळापत्रक जड गेले. आपण स्वागत समितीच्या बैठकीत पालखीसाठी जादा बस मागता आणि त्या मिळतातही. तसाच अर्ज जूनमध्ये या मुलींसाठी करा.

ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर बीड, धाराशिवकडून पोरे येतात, दिवाळीपासून मार्चपर्यंत कोपीत राहतात. ती आपल्या मतदारयादीत नाहीत म्हणून आपल्या कौशल्य विकासातही नाहीत. त्यांच्यासाठी निदान ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर चालवण्या-दुरुस्तीचे वर्ग संध्याकाळी कारखान्याच्या आवारात घेता येतील. ऊस त्यांनी तोडायचा आणि हार्वेस्टर चालवायला दुसराच आणायचा, हे बरे दिसत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, चोखोबांची. मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळली आणि त्याखाली चोखामेळा गेले, १३३८ मध्ये, असे परंपरा सांगते. संतांपैकी बांधकामाच्या जागी मरण आलेले ते. पालखी मार्ग आता चौपदरी राष्ट्रीय महामार्ग झाला, ९६५ जी. त्याच्या पुलांवर, खोदाईवर, उंच सेंट्रिंगवर काम करणाऱ्या पोरांना पट्टा कसा लावायचा, मचाण कसे तपासायचे, विजेच्या तारेपासून किती लांब राहायचे हे कोणी शिकवले? त्यासाठी दोन दिवसांचा वर्ग पुरतो. चोखोबांच्या पुण्यतिथीला भंडारा घालता, त्याच दिवशी तो वर्ग घ्या. हेल्मेट आणि पट्टा प्रसादासारखा वाटा.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे पत्र लिहायला बसलो. दुष्काळ पडला, घर उद्ध्वस्त झाले, तेव्हा तुकोबांनी घरातली कर्जखते काढली. भाऊ कान्होबांनी आपल्या वाट्याची अर्धी घेतली. आपल्या वाट्याची अर्धी तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली. लोकांकडून येणे असलेले पैसे सोडून दिले. हे कीर्तनात आपण कितीदा ऐकले असेल, आणि ऐकताना मान डोलावली असेल. मग, विश्वस्त महोदय, आपल्यापैकी काहींच्या संस्थांच्या कपाटात फी थकली म्हणून अडवून ठेवलेले पोरांचे दाखले आणि मार्कशीट अजून का आहेत? पाच-सात हजारांच्या थकबाकीपायी पोराची नोकरीची मुलाखत हुकते, शिकाऊ उमेदवारीचा फॉर्म भरता येत नाही. मूळ कागदपत्रे अडवू नयेत असे नियम सांगतात, वरून परिपत्रकेही येतात. ती सगळी माहीत असूनही ‘आधी पैसे भरा’ हे वाक्य काउंटरवर ऐकू येतेच. पालखी आपल्या दारावरून जाणार, त्याच्या आत ती कपाटे उघडा. इंद्रायणी लांब पडते, पण आपल्याला नीरा जवळ आहे. दाखले पोरांच्या हातात द्या, थकबाकीचे कागद काय करायचे ते सराटीच्या घाटावर सुचेल.

या पत्रावर एक उत्तर येणार, आणि ते खोटे नाही. आपण म्हणाल, पोरांनाच नको आहे. आईबापांना पोरगा अभ्यासिकेत पाच वर्षे बसलेला चालतो, पण वर्कशॉपमध्ये काळे हात करून आलेला चालत नाही. वेल्डरला मुलगी द्यायला सोयरे तयार नसतात. हे खरे आहे, मी कितीतरी घरांत बघितले आहे. पण ही मते आभाळातून पडलेली नाहीत. गावच्या स्टेजवर हार कोणाला पडतो हे पोरे बघत असतात. अधिकारी झालेल्याचा सत्कार, पुढाऱ्याचा सत्कार, पोलिसात भरती झालेल्याचा सत्कार. रिवाइंडिंग करून दोन बहिणींची लग्ने लावणाऱ्याचा सत्कार आपण कधी केला? त्याला एकदा तुकोबांच्या पालखीसमोर नारळ द्या. सोयरे बघतील.

मागण्या थोड्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक फुकटातल्या. कायद्याने ठरलेले शिकाऊ उमेदवार घ्या आणि त्यांना खरे काम द्या. थकलेल्या फीपायी अडवलेली कागदपत्रे परत करा. सकाळ-संध्याकाळच्या बसचा अर्ज करा. पॅनमन, पानमळेवाले, डाळिंबवाले, वालचंदनगरचे जुने टर्नर यांना शिकवायला बोलवा आणि मानधन द्या, त्यांच्याकडे बी.एड. नाही हे कारण सांगू नका, संताजींकडेही नव्हते. प्रत्येक स्वागत समितीने आपल्या गावातल्या निदान पाच पोरांचे पालकत्व एका वर्षासाठी घ्यावे, हत्यारांची पेटी घेऊन द्यावी आणि पोरे कामाला कुठे लागली याची खबर ठेवावी. कमानीचा खर्च एक वर्ष वगळला तर एवढे सहज निभते, हे आपल्यालाही माहीत आहे.

आणि शेवटची मागणी. पुढच्या आषाढात ज्या जागी आपले अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात, तिथे एक साधा फलक लावा. त्यावर त्या वर्षी आपल्या कारखान्याने, संस्थेने, समितीने शिकवलेल्या पोरा-पोरींची संख्या, प्रत्येकाचा ट्रेड, कामाला कुठे लागले ते ठिकाण आणि हातात पडणारा पगार एवढेच असू द्या. अपयश असेल तर तेही लिहा, वारकरी समजून घेतात. ज्या समितीचा फलक असा असेल तिच्या दारातून पालखी जाताना मी टाळ घेऊन उभा राहीन. ज्यांचा नसेल त्यांना पुढच्या वर्षी पुन्हा पत्र लिहीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक
इंदापूर तालुका, जि. पुणे